डिस्लेक्सिया असलेले मूल आणि त्याची शाळा

डिस्लेक्सिया ही वाचनाची जन्मजात अडचण आहे. मुलाची बुद्धी वयाला साजेशी असते, डोळे आणि कान ठीक असतात, ते रोज शाळेत जाते, तरी त्याला वाचन जमत नाही आणि त्यामुळे लेखनही मागे पडते. बोललेला शब्द कानावर पडला की त्यातले आवाज सुटे करणे, ते क्रमाने लक्षात ठेवणे आणि कागदावरच्या खुणांशी त्यांची सांगड घालणे, हे काम अशा मुलाचा मेंदू फार सावकाश करतो. इतर मुलांना दुसरी-तिसरीपर्यंत जे आपसूक होऊ लागते, त्यासाठी त्याला दर शब्दाला नव्याने कष्ट करावे लागतात. ही अडचण वय वाढले म्हणून जात नाही. मात्र योग्य पद्धतीने शिकवले तर असे मूल वाचायला शिकते, दहावी-बारावी होते आणि पुढेही जाते. वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींतल्या अशा अडचणींना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. निरनिराळ्या देशांत आणि भाषांत तिचे प्रमाण शाळकरी मुलांत ५ ते १५ टक्के मानले जाते. कमीतला कमी आकडा धरला तरी ४० मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असतात.

वैद्यकाला या मुलांची ओळख शंभराहून अधिक वर्षांपासून आहे. डिस्लेक्सिया हा शब्द रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्ये वापरला, पण तो मेंदूला इजा झाल्यामुळे वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. शाळकरी मुलातली जन्मजात अडचण पहिल्यांदा नीट नोंदवली ती इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी, १८९६ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये. त्यांच्यासमोरचा मुलगा १४ वर्षांचा होता. तो तल्लख होता, आकडेमोड त्याला जमत होती, पण वर्षानुवर्षे शिकवूनही साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. त्या मास्तरांनी आणखी काय केले हे त्या टिपणात नाही, पण मुलाची बुद्धी आणि त्याचे वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी ओळखले होते. डिस्लेक्सियाच्या बाबतीत शाळेचे पहिले काम आजही एवढेच आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते.

भारतात या मुलांसाठी सरकारी पातळीवर पहिले पाऊल महाराष्ट्राने उचलले. १९९६ मध्ये राज्याने दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती मान्य केल्या. असे करणारे हे देशातले पहिले राज्य होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था पालक आणि तज्ज्ञांच्या पुढाकाराने उभी राहिली. सायन, नायर, केईएम या महापालिका रुग्णालयांत तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय झाली. सवलती पुढे दहावीपुरत्या न राहता खालच्या इयत्तांपासून बारावीपर्यंत लागू झाल्या. ही वाटचाल मोलाची आहे. पण तिचा लाभ सुरुवातीपासून अधिक मिळाला तो मुंबई-पुण्यातल्या, बहुधा इंग्रजी माध्यमातल्या, समुपदेशक नेमलेल्या शाळांतल्या मुलांना. तिथले पालक शिकलेले होते आणि मूल मागे पडते आहे हे दिसताच धावाधाव करू शकत होते. हाच हक्क कामगार वस्तीतल्या मराठी शाळेपर्यंत पोहोचतो का, हे पाहायचे तर सोलापूरसारख्या शहरात यावे लागते.

सोलापूरच्या पूर्वेला अक्कलकोट रोडवर एमआयडीसी आहे. सूतगिरण्या, यंत्रमागाचे कारखाने, टॉवेल आणि चादरी विणणारे, रंगवणारे, शिवणारे असे लहानमोठे उद्योग इथे आहेत. कारखान्यांच्या आसपास कामगारांच्या वस्त्या पसरल्या आहेत आणि याच रस्त्यावर पुढे कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी उभारलेली, गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ मध्ये तिच्या घरांचे वाटप झाले. त्याच गावात रे नगर ही असंघटित कामगारांची ३० हजार घरांची वसाहत मंजूर झाली आणि तिच्यातली पहिली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. या भागातल्या कुटुंबाचा दिवस साधारण ठरलेला असतो. वडील यंत्रमागावर दिवसपाळी किंवा रात्रपाळी करतात. आई कारखान्यातून पान-तंबाखू आणते, घरी विड्या वळते आणि तयार विड्या पुन्हा कारखान्यात नेऊन देते. मजुरी वळलेल्या विड्यांवर मिळते, त्यामुळे शाळेत घालवलेला अर्धा दिवस म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. डिस्लेक्सियाच्या चर्चेत ही गोष्ट सहसा येत नाही. पण पालकाने शाळेकडे पाठपुरावा करावा असा सल्ला देताना ती विसरून चालत नाही.

इथली भाषेची स्थितीही ध्यानात घ्यावी लागते. सोलापुरातील पद्मशाली समाज मूळचा तेलंगणातला, हातमाग आणि नंतर यंत्रमागाच्या कामासाठी आलेला. अनेक घरांत आजही तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट तालुका कर्नाटकाच्या सीमेवर असल्याने कन्नड घरेही पुष्कळ आहेत, शिवाय उर्दू आहेच. महापालिका मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवत आली आहे, तरी बरीच तेलुगू मुले मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. अशा मुलाच्या वाट्याला घरची तेलुगू, वर्गातली मराठी, २००० सालापासून पहिलीपासूनच आलेली इंग्रजी आणि पुढे हिंदी अशा चार भाषा येतात. ते मूल पहिलीत अडखळले तर कारण डिस्लेक्सिया आहे की मराठी शब्दच अजून कानाला ओळखीचे नाहीत, हे सांगणे अवघड होते. दोन्ही बाजूंनी चूक होते. कधी भाषेच्या अडचणीला अक्षमता समजले जाते, तर कधी ‘घरी तेलुगू बोलतात म्हणून’ असे म्हणून खऱ्या डिस्लेक्सियाकडे तीन-चार वर्षे दुर्लक्ष होते.

हा गुंता सोडवण्याची एक वाट आहे आणि ती कुठल्याही शाळेला परवडते. मुलाला घरच्या भाषेत तोंडी तपासावे. गोष्ट सांगता येते का, शब्दातला पहिला आवाज ओळखता येतो का, शेवटचा आवाज काढून टाकला तर काय उरेल हे सांगता येते का, यमक जुळवता येते का, वारांची नावे ओळीने येतात का, समोरच्या वस्तूंची ओळखीची नावे भराभर घेता येतात का, हे पाहावे. मराठीत अडखळणारे मूल हे सगळे तेलुगूत सहज करत असेल, तर त्याला मराठी बोलण्या-ऐकण्याची संधी हवी. घरच्या भाषेतही गोष्ट रंगवून सांगते, पण शब्दाचे आवाज सुटे करताना अडते, असे दिसले तर डिस्लेक्सियाची शंका बळावते. यासाठी तेलुगू जाणणारे कुणी लागते, आणि सोलापूरच्या शाळेत अशी एखादी शिक्षिका, मदतनीस किंवा वरच्या वर्गातली मुलगी सापडणे कठीण नाही.

मराठी वाचनातल्या अडचणींचे स्वरूप इंग्रजीहून वेगळे आहे. बहुतेक पुस्तके आणि चित्रपट इंग्रजीतली उदाहरणे देतात, म्हणून इकडे अधिक लक्ष द्यायला हवे. इंग्रजीत अक्षरे २६, पण उच्चारांचा भरवसा नाही. देवनागरीत उच्चार बऱ्याच अंशी ठरलेला असतो, मात्र खुणांची संख्या फार मोठी आहे. बाराखडीच चारशेच्या पुढे जाते, त्यावर जोडाक्षरे. अशा लिपीत सर्वच मुलांना अक्षरओळख पक्की व्हायला चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागू शकतो, असे कन्नडसारख्या भारतीय लिप्यांवरच्या संशोधनात दिसले आहे. शिवाय वाचणाऱ्याला लिपीच्या काही खास अडचणी पार कराव्या लागतात. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. ‘र’ हे एकच व्यंजन ‘सूर्य’मध्ये वर चढते, ‘प्रकाश’मध्ये खाली तिरके होते, ‘राष्ट्र’मध्ये वेगळेच दिसते आणि ‘दऱ्या’मध्ये आणखी निराळे.

डिस्लेक्सिया असलेले मूल इथे नेमके अडते. ‘पुस्तक’चे ‘पुतक’ होते, ‘प्रकाश’चे ‘पकाश’ किंवा ‘परकाश’. काना-मात्रा गळतात, उकार आणि वेलांट्या एकमेकांच्या जागी जातात, अनुस्वार राहून जातो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गल्लत होते, ‘ख’ हा ‘रव’ वाचला जातो. पहिले अक्षर पाहून अंदाजाने शब्द म्हटला जातो, म्हणजे ‘पाऊस’ लिहिलेला असतो आणि मूल ‘पाणी’ वाचते. सुरुवातीला यातल्या चुका सगळीच मुले करतात. तिसरी-चौथीपर्यंत त्या तशाच राहिल्या तर लक्ष द्यावे. आणखी एक लक्षण हमखास निसटते. काही मुले मराठी बरोबर वाचतात, पण फारच सावकाश, एकेक अक्षर जोडत. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. उच्चार ठरलेल्या लिप्यांत डिस्लेक्सिया पुष्कळदा चुकांपेक्षा अशा संथपणातून दिसतो. शिक्षकांना ‘वाचता येते’ एवढेच जाणवते आणि मुलाची गणना आळशांत होते.

आणखी एका कारणाने ही मुले दिसत नाहीत. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत नाही, असे ग्रामीण भारताबद्दल ‘असर’ अहवाल २००५ पासून पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. शहरातल्या कामगार वस्तीतल्या शाळेचे चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही. निम्मा वर्ग वाचनात मागे असेल तर त्यातली दोन मुले वेगळ्या कारणाने मागे आहेत हे कसे कळणार? त्यावर उपाय आधी सगळ्यांना नीट शिकवण्याचा आहे. इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार गट करायचे, रोज ठरलेला वेळ अक्षर-शब्द-वाक्य या क्रमाने सराव घ्यायचा आणि दर आठवड्याला नोंद ठेवायची. केवळ गैरहजेरीमुळे किंवा आधी नीट न शिकवल्यामुळे मागे राहिलेली मुले काही आठवड्यांत वेग घेतात. तोच सराव, तेवढाच वेळ मिळूनही ज्यांची नोंद हलत नाही ती मुले उरतात आणि तपासणीसाठी पुढे पाठवायची ती हीच. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या नोंदी शाळेला ठेवाव्याच लागतात. त्यातून डिस्लेक्सिया शोधण्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

डिस्लेक्सिया अनेकदा घराण्यात चालत येतो, म्हणून डॉक्टर आई-वडिलांच्या शाळेविषयी विचारतात. विडी वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या कुटुंबात या प्रश्नाचे उत्तर फसवे असते. आजी शाळेत गेलीच नसेल, वडिलांनी पाचवीत शाळा सोडून माग धरला असेल. त्यांनी शाळा गरिबीमुळे सोडली की अक्षर लागत नव्हते म्हणून, हे त्यांनाही सांगता येत नाही. दोन्ही कारणे एकत्र असण्याची शक्यता बरीच आहे. अशा घरांत मुलाने शाळा सोडून कामाला लागणे कुणाला धक्कादायक वाटत नाही, आणि डिस्लेक्सियाचे खरे नुकसान इथे होते. सुखवस्तू घरातल्या मुलाला तो परीक्षेत मागे ठेवतो, कामगाराच्या मुलाला शाळेबाहेर काढतो.

तपासणीची सरकारी व्यवस्था कागदावर बरीच पूर्ण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातली वैद्यकीय पथके शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत अध्ययनातील अडचणींचा समावेश आहे. पथक येते त्या दिवशी वर्गशिक्षकांनी आपल्या नोंदींसह त्या मुलांची नावे दिली तर तपासणी कामी येते. नाव दिले नाही तर वजन-उंची मोजून मूल पुढे जाते, कारण डिस्लेक्सिया डोळ्याला दिसत नाही. दृष्टी आणि ऐकणे मात्र आधी तपासून घ्यावे. चष्म्याची किंवा कानाच्या उपचाराची गरज असलेले मूल अक्षमतेच्या यादीत जाता कामा नये. समग्र शिक्षा योजनेतून शहर आणि गट साधन केंद्रांत समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात. शाळेने लेखी मागणी केली की त्यांनी येऊन मुलाला पाहणे अपेक्षित आहे.

पुढची पायरी निदानाची. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचणीसंच देशभर वापरला जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा संच आणला. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतल्या चाचण्या आहेत, आणि शिक्षकांसाठी प्राथमिक पडताळणीची साधनेही आहेत. मराठी माध्यमातल्या मुलाला मराठीत तपासणे ही साधी वाटणारी गोष्ट त्यापूर्वी सहज शक्य नव्हती. इंग्रजी चाचणीत मराठी मुलगा नापास झाला तर त्याने इंग्रजी किती शिकली होती एवढेच कळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतला एक आहे. अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याच्या पद्धतीत बदल करण्याची जबाबदारी या कायद्याच्या कलम १६ ने शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. जानेवारी २०१८ मधल्या केंद्राच्या सूचनांनी प्रमाणपत्राची पद्धत ठरवली. त्यानुसार पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, पहिले प्रमाणपत्र त्यानंतर, ते पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी तपासून घ्यायचे. २०२४ मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या, म्हणून अर्ज करताना चालू नियम रुग्णालयातच विचारून घ्यावा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा असतो आणि तपासणी नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. सोलापुरात त्यासाठी पहिली चौकशी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात करावी, ज्याला लोक सिव्हिल म्हणतात.

प्रमाणपत्र मिळवण्यात रुग्णालयाच्या खेपा होतात, त्यात कामाचे दिवस बुडतात आणि कधी वर्ष निघून जाते. म्हणून शाळेने एक गोष्ट पक्की धरून ठेवावी. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागते, शिकवण्यासाठी लागत नाही. शंका आली त्या दिवसापासून मुलाला वेगळ्या पद्धतीने शिकवता येते. शंका खोटी ठरली तरी त्या शिकवण्याने कुणाचे नुकसान होत नाही.

ही पद्धत गेल्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि अॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून आकाराला आली आणि जगभर वेगवेगळ्या भाषांत वापरली जाते. तिचा गाभा सोपा आहे. आवाज आणि खूण यांचे नाते गृहीत न धरता उघडपणे शिकवायचे, ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे, आणि आधीचे पक्के झाल्याशिवाय पुढे जायचे नाही. मराठीत याचा अर्थ मुळाक्षरे अ पासून ज्ञ पर्यंत एका दमात म्हणून न घेणे. जास्त वापरली जाणारी आणि दिसायला वेगळी अशी तीन-चार अक्षरे आधी घ्यावीत, त्यांचे शब्द वाचावेत, मग काना, मग पुढची अक्षरे. घ आणि ध एकाच आठवड्यात शिकवू नयेत. प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत बोटाने मोठे गिरवावे, वाळूत, रव्यात किंवा खरखरीत कागदावर, म्हणजे कान, डोळा आणि हात एकत्र काम करतात. शब्द टाळ्या वाजवत तोडावा, ‘क-म-ळ’, आणि परत जोडावा. जोडाक्षर आधी फोडून लिहून दाखवावे, मग जोडून. ‘र’ची चारही रूपे एकेक आठवडा देऊन स्वतंत्रपणे घ्यावीत. रोज अर्धा तास, तीन-चार मुलांच्या गटात, सलग अनेक महिने हे चालले तरच फरक पडतो. एखादा जादा तास घेऊन सोडून दिल्याने काही होत नाही. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेला हा अर्धा तास काढणे कठीण असते. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात तो बसवून दिला तरच तो निघतो.

वाचन येईपर्यंत बाकीचे विषय थांबवायचे नसतात. विज्ञान, परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणे यांचे मजकूर मुलाला कुणीतरी वाचून दाखवावेत आणि उत्तर तोंडी घ्यावे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या व्यासपीठावरच्या साहित्यापर्यंत नेतात आणि साध्या मोबाईलवरही मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते. कामगार वस्तीतल्या घरात पुस्तक नसले तरी मोबाईल असतो. फळ्यावरचे लांब उतारे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्यावा. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी इतिहासाचे गुण कापू नयेत. सर्वांसमोर उभे करून वाचायला लावू नये. या एका सवयीने जितकी मुले शाळेला घाबरतात तितकी परीक्षेलाही घाबरत नसतील. मुलाला वाचायला द्यायचेच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी देऊन घरी सराव करू द्यावा.

डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या ‘तारे जमीन पर’ चित्रपटाने डिस्लेक्सिया घराघरांत नेला आणि असंख्य पालकांना आपल्या मुलाकडे पुन्हा पाहायला लावले. ते ऋण मोठे आहे. पण त्यातून एक समजही रुजला की अशा मुलात काहीतरी विलक्षण कला दडलेली असते. काहींत असते, बहुतेकांत ती इतर मुलांइतकीच असते. चित्र न काढणाऱ्या, गाणे न गाणाऱ्या, अगदी साध्या मुलालाही वाचायला शिकवले जाण्याचा तितकाच हक्क आहे, आणि शाळेने त्याच्यात गुण सापडेपर्यंत थांबायचे नसते.

पालकांनी बाजू कशी मांडावी याचा विचार त्यांच्या परिस्थितीला धरून व्हायला हवा. शाळेत तोंडी सांगितलेले राहून जाते. मुख्याध्यापकांच्या नावे मराठीत एक पानी अर्ज द्यावा, त्यात मुलाला काय येते, कुठे अडते आणि आपण काय मागतो हे लिहावे आणि प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. आईला लिहिता येत नसेल तर हा अर्ज शेजारचा कॉलेजात शिकणारा मुलगाही लिहू शकतो. मुलाच्या वह्या टाकू नयेत. दोन-तीन वर्षांच्या वह्या डॉक्टरांसमोर ठेवल्या तर त्या बोलण्यापेक्षा अधिक सांगतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. म्हणजे विडी वळणाऱ्या आईला या समितीत जागा आहे. पण सभा सकाळी अकराला ठेवली तर ती येऊ शकत नाही. सभा संध्याकाळी, विड्या देऊन झाल्यावर ठेवणे, हे मुख्याध्यापकाच्या हातात असलेले मोठे काम आहे. शाळेने दाद दिली नाही तर महापालिकेचे प्रशासनाधिकारी किंवा गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे जावे, आणि त्यानंतर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आहे.

शिक्षकांची बाजूही यात मांडायला हवी. बऱ्याच जणांना डीएड-बीएडच्या काळात डिस्लेक्सियाविषयी एखादा परिच्छेदच शिकवला गेलेला असतो. पाटी कोरी ठेवणाऱ्या मुलावर रागावणे हे अनेकदा अज्ञानातून येते. ‘तू लक्षच देत नाहीस’ हे वाक्य दिवसातून पाचदा ऐकणारे मूल चौथीपर्यंत ते खरे मानू लागते, आणि मग कुठलीही पद्धत चालायला वेळ लागतो. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत दरवर्षी एक सत्र या विषयाला दिले, आणि ते ज्या शाळेने खरोखर एखाद्या मुलाला वाचायला शिकवले तिथल्या शिक्षिकेने घेतले, तर बाहेरच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

इंग्रजी माध्यमाविषयी पालकांना स्पष्ट सांगायला हवे. मराठी शाळेत मूल मागे पडले की ‘इंग्लिश मीडियमला टाकू’ असा विचार घरात होतो. ज्या मुलाला उच्चार ठरलेली लिपी कठीण जाते, त्याला इंग्रजीचे स्पेलिंग त्याहून कठीण जाते, आणि घरात ती भाषा कानावर पडतच नाही. डिस्लेक्सियाची शंका असलेल्या मुलाचे माध्यम बदलून इंग्रजी करण्याइतका महाग निर्णय या वस्तीत दुसरा क्वचितच असेल.

दहावीच्या वेळी सवलतींचा प्रश्न येतो. राज्य मंडळाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला दर तासाला २० मिनिटे जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक, गणकयंत्राचा वापर, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी अशा सोयी मिळतात. सोलापूर जिल्हा मंडळाच्या पुणे विभागात येतो, त्यामुळे प्रस्ताव शाळेमार्फत पुण्याला जातो. हे काम नववीतच सुरू व्हावे. चौदाव्या वर्षीची फेरतपासणी त्याच सुमाराला येते, आणि दहावीच्या डिसेंबरात धावपळ सुरू केली तर कागद वेळेत होत नाहीत. लेखनिक मिळाला तरी त्याच्याबरोबर सराव लागतो. सांगून लिहून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून जमत नाही. भाषेतली सूट घेण्याआधी मात्र पुढे कुठल्या शाखेला जायचे याचा विचार करावा, कारण सोडलेली भाषा नंतर पुन्हा उभी करणे अवघड जाते.

शाळेपुढच्या परीक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ मधले दोन निकाल महत्त्वाचे आहेत. दोन्ही न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचे. फेब्रुवारीतल्या विकास कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की लेखनिकाची सोय ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये दुसरा निकाल आला. डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अडचण, असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या केंद्रावर जादा एक तास नाकारला गेला होता. तो नाकारणे चूक होते, असे न्यायालयाने ठरवले आणि झालेला अन्याय कसा भरून काढता येईल याचा विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला नियम माहीत नसणे ही सबब चालत नाही, हे या निकालातून पुढे आले.

दहावीनंतर आयटीआय, पदविका किंवा महाविद्यालय यांपैकी काहीही निवडले तरी प्रमाणपत्र सांभाळून ठेवावे लागते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व नोंदले असेल तर उच्च शिक्षणात ५ टक्के जागांचे आरक्षण आहे आणि सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत आता संगणकावर चालणारे माग, डिझाइनची सॉफ्टवेअरे आणि निर्यातीची कागदपत्रे आली आहेत. तिथे काम करणाऱ्याला सूचना वाचाव्या लागतात, आणि शिकाऊ उमेदवारीच्या वेळी तोंडी व प्रत्यक्ष दाखवून शिकवण्याची मागणी या मुलांनी जरूर करावी. त्यासाठी अठराव्या वर्षीची फेरतपासणी चुकवू नये. सिव्हिलमध्ये जाताना जुने प्रमाणपत्र, शाळेतल्या नोंदी आणि त्या जपून ठेवलेल्या वह्या बरोबर न्याव्यात.